सासवडच्या गुरुजींची रोमन अक्षरांतली वही

कऱ्हाकाठची नात (कोथरूड, पुणे):

नमस्कार. माझे आजोबा सासवडला प्राथमिक शिक्षक होते. 1947 साली ते लोकल बोर्डाच्या शाळेत लागले, 1962 साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर त्यांच्याकडे वर्ग झाले आणि 1979 साली मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. गावात त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. लहानथोर सगळे 'गुरुजी'च म्हणत, आणि आजीसुद्धा चारचौघांत त्यांचा उल्लेख 'गुरुजी' असाच करी. शिक्षक होण्यापूर्वी, 1940 ते 1946 अशी सहा वर्षे, ते फौजेत होते आणि त्यांतली बरीचशी 'समुद्रापलीकडे' गेली, याहून अधिक घरात कोणालाच ठाऊक नाही. विचारले तर ते विषय बदलत; फार मागे लागले तर 'तिथे थंडी फार' एवढे म्हणून वर्तमानपत्र उघडत. 1996 साली ते गेले.

यंदा सासवडचे घर रिकामे करताना माळ्यावर त्यांची काळी पत्र्याची ट्रंक सापडली. डिस्चार्जचा कागद असावा असे एक पाकीट होते, पण ते वाळवीने पार खाल्ले आहे. पंचाच्या तुकड्यात बांधलेली तीन पदके निघाली: दोन सहा टोकांच्या तारकांसारखी आणि एक गोल. तारकांपैकी एकीला तांबड्या, पांढऱ्या आणि हिरव्या पट्ट्यांची रिबीन अजून चिकटून आहे. दुसरीची रिबीन आत्याने लहानपणी बाहुलीच्या वेणीला बांधली होती, असे तिनेच आता कबूल केले.

माझा खरा प्रश्न मात्र ट्रंकेतल्या एका वहीविषयी आहे. वहीचा पुढचा निम्मा भाग रोमन अक्षरांत आहे, म्हणून बाबांना ते इंग्रजी वाटले आणि इंग्रजी म्हणून त्यांना एक ओळही लागेना. मी सहज मोठ्याने वाचून पाहिले, तेव्हा कळले की अक्षरे इंग्रजी असली तरी भाषा हिंदुस्थानी आहे. 'आज बारिश बहुत. पुल बह गया. चिट्ठी नहीं.' अशा तुटक ओळी आहेत. ज्या माणसाचे बालबोध अक्षर गावातली मंडळी लग्नपत्रिकेच्या मजकुरासाठी मागून नेत आणि जो घरखर्चाचा हिशेब शेवटपर्यंत मोडीत लिहीत असे, त्याने स्वतःपुरती वही परक्या भाषेत आणि परक्या लिपीत का लिहावी, याचा उलगडा होत नाही. मधूनमधून गावांची किंवा ठिकाणांची नावे येतात. 'टारान्टो' स्पष्ट वाचता येते. 'सांग्रो' हे बाबांना बरेच दिवस आजोबांच्या कोणा सोबत्याचे आडनाव वाटत होते. आणखी एक 'सेनियो' असे आहे.

वहीच्या शेवटच्या चार पानांवर एकतीस नावांची यादी आहे. प्रत्येक नावापुढे तीन रकान्यांत आकडे आणि त्यापुढे 'पास' किंवा 'फेल' अशी अक्षरे आहेत, तर सात नावांवर रेघ मारलेली आहे. बाबांचे म्हणणे असे की ही उसनवारीची यादी असावी. मला त्या रेघांची भीती वाटते.

हे सगळे आताच विचारण्याचे कारण असे की त्यांचे माजी विद्यार्थी गुरुजींवर एक छोटी पुस्तिका काढत आहेत आणि 'रणांगणावरील गुरुजी' या प्रकरणाचा मजकूर त्यांनी आमच्याकडे मागितला आहे. गुरुजींनी एकट्याने जर्मनांची तोफ पकडली आणि त्यासाठी त्यांना पदक मिळाले, अशी कथा गावात रूढ आहे. कागदाचा आधार नसलेले काही छापावे असे मला वाटत नाही, पण ते प्रकरण कोरे सोडणेही बरे दिसत नाही. आजोबांची पलटण कोणती होती आणि त्यांनी तिथे काय केले, हे शोधण्यासाठी कोठून सुरुवात करावी?

जुना रेकॉर्डवाला:

ताई, मी फौजेच्या एका रेकॉर्ड ऑफिसात बावीस वर्षे कारकुनी केली आहे, त्यामुळे तुमच्या वहीचे मला मुळीच नवल वाटले नाही. ब्रिटिश अमदानीत हिंदी फौजेची शिकवण्याची आणि कामकाजाची भाषा रोमन उर्दू होती. पठाण, पंजाबी, गढवाली, मद्रासी, मराठे अशा साऱ्यांना एकच लिपी यावी आणि गोऱ्या अधिकाऱ्यालाही ती वाचता यावी, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. 1909 साली सुरू झालेला 'फौजी अखबार', जो 1954 पासून 'सैनिक समाचार' झाला, तोही रोमन उर्दूत निघत असे. तेव्हा तुमच्या आजोबांनी परकी लिपी हौसेने निवडली असे समजू नका. पलटणीत लिहायचे म्हणजे असेच लिहायचे, हे सहा वर्षे हाताला वळण लागले होते. स्वातंत्र्यानंतर 'रोमन उर्दू' जाऊन 'रोमन हिंदी' आली. मी नोकरीला लागलो तेव्हा जुने सुभेदार अजून तशाच चिठ्ठ्या लिहीत.

आता तुमच्या यादीकडे वळतो. जवानांसाठी शिक्षणाची तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या वर्गाची प्रमाणपत्रे असत आणि बढतीचा मार्ग त्यांतून जाई. नाईक व्हायचे, हवालदार व्हायचे तर नुसती बंदूक चालवून भागत नसे. भरती झालेल्या बहुतेकांनी शाळेचे तोंड पाहिलेले नसे, त्यामुळे पलटणीतच वर्ग भरत आणि ते चालवण्यासाठी थोडा शिकलेला माणूस हुडकून काढला जाई. तुमचे आजोबा व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे त्या काळची मराठी सातवीची परीक्षा, झालेले होते का? तसे असेल, तर त्या काळच्या पलटणीत ते विद्वानच ठरले असणार. एकतीस नावे, तीन रकाने आणि पास-नापास हे एकत्र पाहिले की मला ती उसनवारीची नव्हे, परीक्षेच्या निकालाची यादी वाटते. उसनवारीत कोणी 'पास' होत नाही. रकान्यांच्या माथ्यावर काही अक्षरे आहेत का, ते भिंगाने पाहा.

रेघ मारलेल्या नावांवरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. माणूस रजेवर गेला, दुसऱ्या कंपनीत बदलला, इस्पितळात दाखल झाला, तरी पटावरचे नाव असेच कापले जाते.

कागदपत्रांसाठी त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करावा लागेल. मराठा लाइट इन्फन्ट्री असेल तर ते बेळगावला, बॉम्बे सॅपर्स असेल तर इथेच खडकीला आणि महार रेजिमेंट असेल तर मध्य प्रदेशात सागरला आहे. अर्जात आर्मी नंबर, फौजेत लिहिलेले नाव, वडिलांचे नाव, गाव-तालुका, सुटल्याचे साल आणि तुमचे नाते लिहा. निवृत्तिवेतन नसलेल्या जवानांची सेवेची कागदपत्रे, म्हणजे शीट रोल वगैरे, ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जातात, पण लाँग रोल नावाचे मोठे रजिस्टर सहसा जपले जाते आणि त्यात माणसाची निदान एक ओळ असते. 'रेकॉर्ड नष्ट झाले' असे उत्तर आले तर त्यावर थांबू नका. लाँग रोलचा शब्दशः उल्लेख करून पुन्हा अर्ज करा.

आर्मी नंबर कोठून आणायचा, ही खरी अडचण आहे. त्यावर एक आडवाट सुचवतो. निवृत्तिवेतन नसलेल्या दुसऱ्या महायुद्धातील माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा मानधन देते. आजोबांनी किंवा आजींनी त्यासाठी कधी अर्ज केला असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या त्या फाइलमध्ये डिस्चार्जच्या कागदाची नक्कल लावलेली असणार. वाळवीने खाल्लेला कागद कदाचित तिथे धडधाकट सापडेल.

दिवेघाट:

मी गुरुजींचा विद्यार्थी आहे. 1961 ते 1965 या काळात त्यांच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलो. पुस्तिकेच्या मंडळींत मी नाही, पण त्या तोफेच्या कथेचा उगम मला ठाऊक आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. 1965 च्या लढाईच्या दिवसांत आम्ही पोरे मधल्या सुट्टीत लढाई-लढाई खेळत होतो. आमच्यातल्या एकाने धीर करून विचारले, 'गुरुजी, तुम्ही किती माणसं मारली?' गुरुजी क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, 'एकोणतिसाचा पाढा म्हण.' तो अडला आणि गप्प बसला. संध्याकाळपर्यंत गावात झाले की गुरुजींनी एकोणतीस जर्मन मारले. पुढे त्या एकोणतिसांची तोफ कधी झाली, हे मला सांगता येणार नाही.

फौज त्यांच्या बोलण्यात नव्हती, वागण्यात होती. सकाळी घंटेच्या आधी ते वर्गाबाहेर उभे राहत आणि आम्ही ओळीने हात पुढे करून जायचो. नखे, कान, सदऱ्याची बटणे अशी पाहणी होई. बटण तुटलेले असले तर मारत नसत. टेबलाच्या खणात सुईदोऱ्याची लहानशी कापडी गुंडाळी असे. ती हातात देत आणि 'लाव' म्हणत. मुलगा असो वा मुलगी, बटण आपले आपण लावायचे. ती गुंडाळी फौजेतल्या प्रत्येक जवानाजवळ असते, हे मला माझा पुतण्या भरती झाल्यावर कळले. त्याच्याजवळची पाहिली आणि मला एकदम गुरुजींचा खण आठवला.

दुसरी आठवण मोठ्या माणसांच्या वर्गाची आहे. रात्री शाळेत कंदील लावून ते गावातल्या प्रौढांना शिकवीत. माझे चुलते त्या वर्गाला जात. ते सांगत की गुरुजी मुळाक्षरांपासून सुरुवात करीतच नसत. प्रत्येकाला आधी स्वतःचे नाव लिहायला शिकवीत, मग गावाचे, मग बायकोचे. बायकोचे नाव पाटीवर लिहायला माणसे लाजत आणि वर्गात हसू पिके, पण ते अक्षर कोणी विसरत नसे. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी साहेब, तपासणीला आले तेव्हा त्यांनी या पद्धतीला हरकत घेतली होती म्हणे. गुरुजींनी 'होय साहेब' म्हटले आणि पुढे तसेच शिकवत राहिले.

आषाढात पालखी सासवडला मुक्कामाला असते. त्या दिवसांत शाळेचे वर्ग वारकऱ्यांसाठी उघडत, तेव्हा पाण्याची रांग, चपलांची जागा, आजारी माणसासाठी वेगळा कोपरा, सगळे गुरुजी आदल्या दिवशी खडूने जमिनीवर आखून ठेवीत. तसा आखीव मुक्काम मी नंतर कुठे पाहिला नाही.

कऱ्हाकाठची नात:

दिवेघाट, आपला प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. सुईदोऱ्याची गुंडाळी आमच्या घरात अजून आहे. आम्ही ती आजीची समजत होतो.

जुना रेकॉर्डवाला यांचे मनापासून आभार. आजोबा 1937 साली फायनल झाले होते. आपण सांगितल्याप्रमाणे भिंग घेऊन बसले. रकान्यांवर पी, एल आणि एच अशी तीन अक्षरे अगदी फिकट दिसतात. पढाई, लिखाई आणि हिसाब असे ते असावे का?

आणखी एक पान आपणा सर्वांसमोर ठेवते. त्यावर तारीख नाही, फक्त 'जुलाई' आहे. मजकूर असा: 'तसवीरवाला मकान. दो रात पहरा. बडी तसवीर, औरत लोग और फूल. साहब बोला कोई हाथ नहीं लगाना.' याचा अर्थ कोणाला लागतो का? आत्याला वाटते की ते कोणा जमीनदाराच्या घरावर पहाऱ्याला असतील.

खडकीचा वाचक:

मला लष्करी इतिहास वाचण्याचा नाद आहे, एवढाच माझा अधिकार. तुमच्या तीन ठिकाणांवरून बरेच काही सांगता येते. टारान्टो हे बुटाच्या आकाराच्या इटलीच्या टाचेजवळचे बंदर आहे आणि हिंदी फौजेची 8वी डिव्हिजन सप्टेंबर 1943 मध्ये तिथे उतरली. सांग्रो ही नदी आहे; बाबांना सांगा की ते आडनाव नव्हे, तरी मराठी कानाला तसे वाटणे साहजिक आहे. नोव्हेंबर 1943 मध्ये या डिव्हिजनने पावसात ती नदी ओलांडली, तेव्हा पूर येऊन पूल वाहून जात होते. 'बारिश बहुत, पुल बह गया' ही तुमची ओळ त्याच दिवसांची असावी. सेनियो ही उत्तरेकडची नदी आहे. 1944-45 चा हिवाळा फौजा तिच्या काठावर बसून होत्या आणि 9 एप्रिल 1945 रोजी उंच बांध चढून ती ओलांडण्यात आली. 'तिथे थंडी फार' हे त्यांचे उत्तर टाळाटाळीचे होते असे मला वाटत नाही.

या डिव्हिजनमध्ये मराठ्यांची पहिली पलटण होती. तिला जंगी पलटण म्हणतात आणि 1971 साली बांगलादेशात जमालपूरला लढली ती हीच. सेनियोवर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक, मिळवणारे नामदेव जाधव याच पलटणीचे. मूळचे नगर जिल्ह्यातले नामदेवराव 1984 साली पुण्यात वारले. यशवंत घाडगे यांचा व्हिक्टोरिया क्रॉस इटलीतलाच, पण ते तिसऱ्या पलटणीचे, जी 10व्या डिव्हिजनमध्ये होती. 10 जुलै 1944 रोजी ते पडले. पुस्तिकेत या दोन पलटणींची गल्लत होऊ देऊ नका, कारण गावोगावच्या भाषणांत ती हटकून होते. 8व्या डिव्हिजनमध्ये इतर दले आणि तुकड्याही होत्या, तेव्हा बेळगावचे उत्तर येईपर्यंत 'बहुधा पहिली मराठा' असेच लिहा.

आता 'तसवीरवाला मकान'. हे वाचून मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या. फ्लोरेन्सच्या नैर्ऋत्येला मोंतेगुफोनी नावाचा एक जुना किल्लेवजा वाडा आहे. बॉम्बहल्ल्यापासून वाचवण्यासाठी इटालियन लोकांनी फ्लोरेन्सच्या उफिझी आणि इतर संग्रहांतली चित्रे आसपासच्या खेड्यांतल्या अशा वाड्यांत नेऊन ठेवली होती. 1944 च्या उन्हाळ्यात, फ्लोरेन्स हाती येण्याच्या थोडे आधी, 8व्या डिव्हिजनची माणसे त्या वाड्यात शिरली, तेव्हा जगातली काही सर्वांत मौल्यवान चित्रे भिंतींना टेकवून ठेवलेली होती. त्यांत बोत्तिचेल्लीचे 'प्रिमावेरा' होते. दोन मीटर उंच आणि तीन मीटरांहून रुंद असे ते चित्र पंधराव्या शतकातले आहे आणि त्यात बागेत उभ्या असलेल्या स्त्रिया आणि पायांखाली असंख्य फुले आहेत. त्या चित्रांवर पहिल्या मराठा पलटणीच्या जवानांचा पहारा बसवण्यात आला.

तुमच्या ओळीत महिना जुळतो, मोठे चित्र जुळते, स्त्रिया आणि फुले जुळतात, 'हाथ नहीं लगाना' हा हुकूमही जुळतो. तरी वाड्याचे नाव नाही आणि सालही नाही, म्हणून 'गुरुजींनी प्रिमावेरा राखले' असा मथळा देऊ नये, असे मी सुचवीन. वहीतली मूळ ओळ जशीच्या तशी छापा आणि शेजारी मोंतेगुफोनीची हकीकत द्या. तोफेपेक्षा हे वाचायला मला अधिक आवडेल.

पदकांविषयी थोडक्यात लिहितो. तांबडी, पांढरी आणि हिरवी रिबीन असलेली तारका म्हणजे इटली स्टार. ते इटलीच्या झेंड्याचे रंग आहेत. दुसरी तारका बहुधा 1939–45 स्टार आणि गोल ते वॉर मेडल असावे. ही पदके त्या मोहिमेत सेवा केलेल्या सर्वांना मिळत, एखाद्या पराक्रमासाठी नव्हे. इटलीत सुमारे 50,000 हिंदी सैनिक लढले आणि 5,782 परत आले नाहीत. तेथे दिल्या गेलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी 6 हिंदी सैनिकांना मिळाले.

निवृत्त केंद्रप्रमुख:

शाळेच्या बाजूनेही शोध घ्यावा. गुरुजींचे सेवापुस्तक पंचायत समितीच्या शिक्षण विभागात असायला हवे. त्याच्या पहिल्या पानावर जन्मतारीख, शिक्षण, अंगावरील खुणा आणि कधीकधी पूर्वीच्या सरकारी सेवेचा उल्लेख असतो. माजी सैनिकाच्या बाबतीत वेतननिश्चितीच्या निमित्ताने आर्मी नंबर तिथे आला असण्याचा संभव आहे. अनुभवाने सांगतो, 'जुने दप्तर सापडत नाही' हे पहिले उत्तर असते. माझ्या स्वतःच्या सेवापुस्तकासाठी मला एका कार्यालयात अकरा खेपा घालाव्या लागल्या आणि शेवटी ते खिडकीच्या तुटक्या काचेला आडोसा म्हणून लावलेल्या गठ्ठ्यात निघाले. शक्यतो महिनाअखेर टाळून जा आणि बरोबर गावातला एखादा जुना शिक्षक घ्या.

शाळेत शेरेबुक मागा. तपासणीला आलेले दिपोटी आणि विस्तार अधिकारी त्यात आपले शेरे लिहीत. दिवेघाट यांनी सांगितलेली प्रौढांच्या वर्गावरची हरकत खरी असेल तर ती तिथे तारखेसह लिहिलेली असेल, आणि गुरुजींनी खुलासा दिला असेल तर तोही. साक्षर झालेल्यांच्या नावांची यादी कुठे मिळाली, तर ती तुमच्या वहीतल्या यादीशेजारी ठेवून पाहा. पलटणीत प्रौढ माणसांना अक्षर ओळखायला लावण्याची कला ज्याला साधली, त्याने गावात तीच वापरली असणार. पीटीसीच्या, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या, अभ्यासक्रमात आम्हाला मुले शिकवण्याची पद्धत शिकवली, बाप्यांना शिकवण्याची नाही. म्हणून पुस्तिकेत फौजेचे प्रकरण वेगळे काढून 'रणांगणावरील गुरुजी' असे नाव देऊ नये, असे माझे मत आहे. ते तिथेही गुरुजीच होते.

जाता जाता वहीबद्दल सांगतो: लॅमिनेशन करू नका, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. आधी सगळ्या पानांची स्वच्छ छायाचित्रे काढून ठेवा. आणि कोणी सल्ला दिला तरी पेशवे दफ्तरात खेपा घालू नका. पुण्यात जुना कागद म्हटले की लोक तिकडेच बोट दाखवतात, पण तुमचे आजोबा तिथे भेटायचे नाहीत.

कऱ्हाकाठची नात:

सर्वांची ऋणी आहे. दोन गोष्टी कळवायच्या आहेत. आजीच्या नावाने मानधनाचा अर्ज केला होता, हे आत्याला आठवले. सोमवारी त्या फाइलसाठी जाणार आहे. प्रकरणाचे नाव बदलण्याची विनंती पुस्तिकेच्या संपादकांना केली. तोफ काढायला ते अजून राजी नाहीत, पण एकोणतिसाच्या पाढ्याची हकीकत ऐकून हसले, तेव्हा थोडी आशा आहे.

रेघ मारलेली सातही नावे भिंगाने पाहिली. चार नावांच्या कडेला बारीक अक्षरात 'छुट्टी' आहे आणि एकाच्या कडेला 'अस्पताल'. उरलेल्या दोन नावांपुढे काहीच लिहिलेले नाही. त्या दोघांच्या पढाईचे आणि हिसाबाचे गुण मांडलेले आहेत, लिखाईचा रकाना कोरा आहे. या दोघांची चौकशी मला करता येईल का, की त्यासाठी त्यांचे नातेवाईकच लागतात?

जुना रेकॉर्डवाला:

लाँग रोलसाठी नाते लागेल. पण त्याआधी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर पाहा. खडकीची युद्धस्मशानभूमी जो आयोग सांभाळतो, तोच हा. तिथे नाव, रेजिमेंट आणि देश टाकून कोणालाही शोध घेता येतो. आपल्या जवानांचे दहन होई, त्यामुळे त्यांची नावे थडग्यांवर नव्हे, दहनस्मारकांवर सापडतात. इटलीत अशी स्मारके सांग्रो नदीजवळ आणि फोर्लीला आहेत. नावाचे स्पेलिंग मात्र चार-पाच तऱ्हांनी करून बघा. त्या काळच्या कारकुनाने 'जाधव' शेवटी व्ही लावून लिहिला असेल, डब्ल्यू लावून लिहिला असेल किंवा नुसता ओ लावून सोडला असेल. गावाचे नाव तर त्याने काय केले असेल ते विचारूच नका. दोन्ही नावे मला खासगी निरोपात पाठवा, मीही बसतो शोधायला.